मोटरसायकल बंद करावी कशी?

मोटरसायकल चालू कशी करावी हे शिकवणारे पुष्कळ भेटतात. बंद कशी करावी हे कोणी शिकवत नाही. तुम्ही म्हणाल, चावी फिरवली की झालं, त्यात काय शिकायचं? तर मग साकीनाक्याच्या चौकात जरा उभे राहा. डोक्यावरून सन २०१४ पासून मेट्रो जाते, खाली अंधेरी-कुर्ला रस्ता आणि दुचाकींची ही गर्दी. तिथे काय दिसते? एक जण गाडी बंद करण्याआधी मूठ पिळून जोराची रेस देतो. दुसरा गिअर तसाच ठेवून क्लच सोडतो आणि गचका देऊन इंजिन मारतो. तिसरा अंगठ्याने लाल बटण दाबतो आणि चावी तशीच ठेवून चहाला जातो. गाडी तिघांचीही बंद पडते. पण बंद पडणे निराळे आणि बंद करणे निराळे.

इंजिनाला तीन गोष्टी लागतात: हवा, पेट्रोल आणि ठिणगी. चावी बंद केली की ठिणगी तुटते. पण इंजिन जोरात फिरत असेल तर ते लगेच थांबत नाही. काही फेरे तसेच फिरते. जुन्या, कार्बोरेटरच्या गाडीत त्या फेऱ्यांत ते पेट्रोल ओढत राहते. ते पेट्रोल जळत नाही. ते आतले तेल धुऊन नेते आणि उरलेले गरम सायलेन्सरात जाते. कधी कधी ‘फट्’ असा बार होतो तो त्याचाच. म्हणून रेस देऊन बंद करण्यात काही शहाणपण नाही. मूठ पूर्ण सोडा, इंजिन शांत चालू द्या, मग चावी फिरवा.

काही मंडळी म्हणतात, गाडी दमून आली आहे, उभी ठेवून गार होऊ दे, मग बंद करू. हे उलटे आहे. वाऱ्याने थंड होणारे इंजिन धावताना गार राहते, कारण त्याच्या पट्ट्यांवरून वारा जातो. उभ्या गाडीला वारा कुठला? ती चालू ठेवली तर आणखी तापते.

आता क्रम सांगतो. गाडी थांबवा. पुढचा ब्रेक धरा. न्यूट्रल करा, हिरवा दिवा लागला का ते पाहा. मूठ सोडा. चावी बंद करा. मग स्टँड लावा. जागा उताराची असेल तर बंद झाल्यावर पहिला गिअर टाकून ठेवा, म्हणजे गाडी घसरणार नाही. असल्फ्याच्या टेकडीवर राहणाऱ्यांना हे सांगायला नकोच. सायलेन्सर शक्यतो भिंतीकडे करा. गल्लीत पोरे खेळतात आणि तापलेल्या सायलेन्सरला त्यांचीच पोटरी लागते.

उतारावर चालती गाडी बंद करून पेट्रोल वाचवू नका. दिवा जातो, हॉर्न जातो, आणि चावी चुकून लॉकपर्यंत फिरली तर हँडल अडकते. पुढे काय होईल ते तुम्हीच समजा. शिवाय १ एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक गाड्यांत गिअर घातलेला असताना उतारावर मूठ सोडली की पेट्रोल आपोआप तुटते. मग वाचवायचे ते काय?

आता ते लाल बटण. ते सगळ्या गाड्यांना नसते. असले तर उजव्या मुठीजवळ असते. त्यावर दोन खुणा असतात. इंग्रजी येत नसले तरी खूण वाचता येते: नुसता गोल फिरलेला बाण म्हणजे इंजिन चालू, बाणावर फुली म्हणजे बंद. हे बटण अडचणीच्या वेळेसाठी आहे. मुठीची वायर अडकली, मूठ सोडली तरी गाडी ओढतच चालली, तर घाबरून चावी शोधू नका. डाव्या हाताने क्लच दाबा, उजव्या अंगठ्याने बटण दाबा, ब्रेक लावत कडेला या. गाडी पडली आणि चाक फिरते आहे, तरी आधी बटण. पण रोज याच बटणाने गाडी बंद केली आणि चावी विसरली, तर दिवा जळत राहतो. १ एप्रिल २०१७ नंतरच्या गाड्यांना पुढचा दिवा बंद करण्याचे बटणच नसते. सकाळी कामावर निघायच्या वेळी बॅटरी उतरलेली!

आता सर्वांत महत्त्वाचे. साकीनाक्याला गाळे पुष्कळ. पावसाळ्यात शटर अर्धे ओढून आत गाडी चालू ठेवून दुरुस्ती करतात आणि वर पोटमाळ्यावर माणसे निजलेली असतात. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर दिसत नाही म्हणजे हवा चांगली, असे समजू नका. आपल्या रक्तात प्राणवायूची जागा तो घेतो, आणि प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट धरून बसतो. आधी डोके दुखते, चक्कर येते, मळमळते. माणसाला वाटते, पित्त झाले असेल, जरा पडू या. पडला की उठण्याचे बळ राहत नाही. निजलेल्याला तर काही कळतच नाही. म्हणून गाळ्यात गाडी चालू करून पाहायची नाही. ढकलत बाहेर न्यावी, तिथे पाहावी, बंद करावी, मग आत आणावी. दोन मिनिटांचे काम आहे, तरी पावसात कंटाळा येतो हे आम्हाला ठाऊक आहे. कोणी आत बेशुद्ध दिसला तर पहिले शटर वर करा, इंजिन बंद करा, त्याला ओढून मोकळ्या हवेत आणा आणि १०८ क्रमांकाला फोन करा. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्याच.

जुन्या गाडीवाल्यांसाठी एक गोष्ट राहिली. टाकीखाली पेट्रोलचा कॉक असतो. रात्री तो बंद करावा. कार्बोरेटरची सुई झिजलेली असली तर पेट्रोल रात्रभर झिरपते आणि कधी इंजिनातही उतरते. सकाळी किक मारण्याआधी कॉक पुन्हा उघडायला विसरू नका. नाहीतर गाडी घरापासून चौकापर्यंत चालेल आणि नेमकी सिग्नलला थांबेल.