भाड्याचं घर विकत घ्यावं का? आत्याचे कानमंत्र

चिरंजीव आणि सूनबाई,

तुमच्या घरमालकांनी कोथरूडचा फ्लॅट विकायला काढलाय आणि बाहेर बोलण्याआधी तुम्हाला विचारलंय. इकडे तुम्ही वारजे आणि हिंजवडीच्या बाजूच्या नव्या स्कीमही बघून आलात. मी सहकारी बँकेच्या कर्जविभागात नोकरी केली, पुढे आमच्या सोसायटीचं सेक्रेटरीपद सांभाळलं. घरं घेणारी आणि विकणारी खूप माणसं जवळून पाहिली. त्यावरून सांगते. भाडेकरूला घर आतून माहीत असतं, पण त्या घराचे कागद आणि सोसायटीचे हिशेब त्याने कधी पाहिलेले नसतात. नव्या घराचं नेमकं उलटं. कागद आणि नकाशे लगेच हातात मिळतात, पण तिथे रोजचं राहणं कसं असेल ते कळत नाही. प्रत्येक घराची जी बाजू तुम्हाला ठाऊक नाही, ती आधी शोधून काढा. तोवर कुणाला शब्द देऊ नका.

१. आधी ठरवा, घेण्याची वेळ आली आहे का

समजा फ्लॅट ८० लाखांचा आणि भाडं महिना २२,०००. वर्षाचं भाडं झालं २,६४,०००, म्हणजे किमतीच्या ३.३ टक्के. ६० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी काढलं, तर हप्ता येतो साधारण ५२,०००. पहिल्या हप्त्यातले ४२,५०० व्याजात जातात आणि मुद्दल फिटतं साडेनऊ हजारांच्या आसपास. व्याजदर तोच राहिला तर २० वर्षांत बँकेला एकूण सव्वा कोटी दिलेले असतात. भाड्याचे पैसे वाया जातात असं सगळे सांगतात. व्याजाचे पैसेही परत येत नाहीत, हे मात्र कुणी सांगत नाही.

दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. भाडं वाढत जातं, दर अकरा महिन्यांनी करार संपतो, आणि मुलाची शाळा मालकाच्या मर्जीवर ठेवता येत नाही. हप्ता आणि भाड्यातला तीस हजारांचा फरक तुम्ही दर महिन्याला खरोखर गुंतवणार असाल, तर भाड्याने राहण्यात कमीपणा नाही. तो खर्चून जाणार असेल, तर कर्जाचा हप्ता निदान बचत तरी करायला लावतो. आणि चार-पाच वर्षांत गाव किंवा नोकरी बदलण्याची शक्यता असेल तर थांबा. मुद्रांक शुल्क आणि दलाली एवढ्या थोड्या काळात भरून निघणं कठीण असतं.

करसवलतीच्या भरवशावर घर घेऊ नका. नव्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची वजावट मिळत नाही. जुन्या प्रणालीत ती वर्षाला २ लाखांपर्यंत मिळते, पण स्वतःच्या घरात राहायला लागलात की घरभाडे भत्त्यावरची सूट जाते.

२. किमतीवरचे पैसे वेगळे मांडा

पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के. करारातली किंमत आणि रेडी रेकनरची किंमत यांत जी जास्त, तिच्यावर ते लागतं. नोंदणी शुल्क जास्तीत जास्त ३०,०००. म्हणजे ८० लाखांच्या घरावर सुमारे ५ लाख ९० हजार. खरेदी फक्त स्त्रीच्या नावाने असेल तर शुल्कात १ टक्का सवलत आहे, इथे ते ८०,००० होतात. नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत जाते. मात्र मग कागदोपत्री मालकी एकट्या सूनबाईंची राहील, हे दोघांनी बोलून, मनापासून पटलं तरच करा.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळते, आणि त्या किमतीत मुद्रांक शुल्क धरत नाहीत. शिवाय बँकेचा व्हॅल्युअर घराची किंमत करारापेक्षा कमी लावू शकतो. म्हणून पदरचे २० लाख, त्यावर हे सहा लाख, वकिलाची फी, थोडीफार दुरुस्ती, आणि एवढं सगळं देऊनही सहा महिन्यांचे हप्ते बाजूला शिल्लक राहायला हवेत. एवढं जमत नसेल तर लहान घर बघा किंवा वर्षभर थांबा.

३. राहत्या घराकडे परक्यासारखं बघा

या घरात तुम्ही सगळे ऋतू काढलेत. विकत घेणाऱ्या दुसऱ्या कुणाला हे मिळत नाही. त्याचा उपयोग करा. वही घ्या आणि लिहून काढा: मे महिन्यात पाणी किती वेळ येतं, जुलैत कोणत्या भिंतीला ओल धरते, लिफ्ट किती वेळा बंद पडते, रात्री रस्त्याचा आवाज किती येतो, वरच्यांचं बाथरूम तुमच्या छतात झिरपतं का. आजवर मालकाची म्हणून सोडून दिलेली प्रत्येक अडचण उद्या तुमच्या खर्चाची होणार आहे. ओळखीच्या गवंड्याला आणि प्लंबरला आणून दुरुस्तीचा अंदाज लेखी घ्या. तो किमतीच्या बोलणीत लागेल.

आणखी एक प्रश्न दोघांनी वेगवेगळा लिहा आणि मग ताडून बघा: "आपण इथे राहत नसतो आणि एजंटने हेच घर याच किमतीला दाखवलं असतं, तर घेतलं असतं का?" सामान हलवायचा कंटाळा आणि शेजाऱ्यांचा लळा, दोन्ही खरे आहेत. पण शेजारी बदलतात, आणि सामान एका दिवसात हलतं. कर्ज वीस वर्षांचं असतं.

४. विकणारा खरोखर मालक आहे का

भाडं ज्यांच्या खात्यात जातं, ते एकटेच मालक असतील असं धरून चालू नका. जुन्या फ्लॅटचा करार वडिलांच्या नावाने असतो, वडील गेलेले असतात आणि भाडं थोरला मुलगा घेत असतो. सोसायटीत त्याचं नॉमिनेशन असलं तरी त्याने तो एकटा मालक होत नाही. बाकीच्या वारसांच्या, विशेषतः लग्न होऊन गेलेल्या बहिणींच्या, सह्या किंवा नोंदणीकृत हक्कसोड पत्र लागतं.

शेअर सर्टिफिकेट, बिल्डरशी झालेला पहिला करार, त्यानंतरचे सगळे करार, नोंदणीच्या पावत्या आणि इंडेक्स टू, हे सगळं मूळ स्वरूपात बघा. मूळ कागद मालकाच्या बँकेत असतील तर कर्ज बाकी आहे. त्या बँकेकडून बाकीचं पत्र मागा आणि तेवढी रक्कम थेट तिच्याच खात्यात भरा. वकील तुमचा हवा, एजंटने सुचवलेला नको. तो तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढेल आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देईल. हा खर्च वाचवू नका.

किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर १ टक्का टीडीएस तुम्ही कापून ३० दिवसांच्या मुदतीत भरायचा असतो. मालक परदेशात राहणारे असतील तर १ टक्क्यावर भागत नाही. कर बराच जास्त कापावा लागतो, आणि तो कापला नाही तर आयकर खातं तुम्हाला धरतं. तिथे सीएचा सल्ला घेतल्याशिवाय पाऊल टाकू नका. त्यांच्या वतीने दुसरं कुणी सही करणार असेल, तर कुलमुखत्यारपत्र वकिलाला आधी दाखवा.

५. सोसायटीचं दप्तर बघा

भाडेकरूला सर्वसाधारण सभेत मत नसतं, त्यामुळे इमारतीत काय शिजतंय ते त्याच्यापर्यंत येत नाही. मालकांना बरोबर घेऊन सेक्रेटरींना भेटा आणि इतकं विचारा.

कन्व्हेयन्स झालंय का? म्हणजे इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावावर आली का? अनेक सोसायट्यांत ती अजून बिल्डरच्या किंवा जुन्या जमीनमालकाच्या नावावर असते. २००८ मध्ये मोफा कायद्यात दुरुस्ती होऊन मानीव अभिहस्तांतरणाची सोय झाली, जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. निदान अर्ज तरी केलेला असावा.

भोगवटा प्रमाणपत्र आहे का? सिंकिंग फंडात किती पैसे आहेत? मालकांची मेंटेनन्सची थकबाकी किती? पार्किंग त्यांना सोसायटीने लेखी दिलंय की नुसती वहिवाट आहे? मोकळी किंवा इमारतीखालची पार्किंगची जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल आहे. त्यामुळे "पार्किंगचे वेगळे चार लाख" ही मागणी मान्य करू नका.

तुमची इमारत १९९२ ची. तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर तीन वर्षांनी करावं असं आदर्श उपविधींत आहे. तो अहवाल मागा. वीस वर्षांचं कर्ज फिटेपर्यंत इमारत पन्नाशी ओलांडेल, म्हणून बँकही तिचं उरलेलं आयुष्य बघते. रिडेव्हलपमेंटची चर्चा चालू असेल तर "जास्तीचे फूट मिळणार" या बोलीवर आज जास्त पैसे देऊ नका. विकास करारनामा नोंदवलेला नसेपर्यंत ते फूट हवेत आहेत. काम रखडलं आणि बिल्डरने भाडं थांबवलं तर तुमचा हप्ता आणि दुसऱ्या घराचं भाडं, दोन्ही तुमच्या डोक्यावर येतात.

६. किमतीचं बोलणं

टेप घेऊन प्रत्येक खोली मोजा. जुन्या करारात बिल्ट-अप लिहिलेलं असतं आणि नवी स्कीम रेरामुळे कार्पेटमध्ये सांगते. दोन्ही घरांचा भाव कार्पेटच्या फुटावर आणल्याशिवाय तुलना करू नका. तुमच्याच इमारतीत अलीकडे झालेल्या विक्रीचे इंडेक्स टू नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरून काढा. एजंटच्या तोंडी भावापेक्षा ते खरे.

तुम्ही घेतलंत तर मालकांची दलाली वाचते, घर रिकामं राहत नाही, रंगरंगोटी करावी लागत नाही, अनोळखी माणसांना घर दाखवत बसावं लागत नाही. हे त्यांना आदराने, पण स्पष्ट सांगा. डिपॉझिट किमतीत वळतं करून घ्या. घर आवडल्याचं बोलणी संपेपर्यंत दाखवू नका.

टोकन बँकेतूनच द्या आणि पावतीवर लिहून घ्या: कर्ज नामंजूर झालं किंवा कागदात दोष निघाला तर रक्कम परत. काही भाग रोख मागितला तर नाही म्हणा. घराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला मान्य नाही, आणि तुमच्याकडे त्या पैशांचा पुरावाही उरत नाही.

७. बोलणी चालू असतानाही करार जिवंत ठेवा

ही चूक भले भले करतात. "आता घर तुमचंच होणार" म्हणून लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपू देतात, भाडंही थांबवतात. व्यवहार फिसकटला की हातात काहीच राहत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे मुदत संपल्यावर राहिलात तर दुप्पट भाड्याएवढी भरपाई मागता येते. मुदत जवळ आली असेल तर करार पुन्हा नोंदवा. खरेदीखत होईपर्यंत भाडं वेळेवर भरा आणि ते कोणत्या तारखेपासून थांबणार हे साठेकरारात लिहून घ्या. ताबा आधीच तुमच्याकडे आहे, त्याचा उल्लेखही त्यात हवा.

८. दुसरं घर बघताना

तिथलं राहणं तुम्हाला माहीत नाही, तेव्हा ते माहीत करून घ्या. सोमवारी सकाळी नऊला तिथून ऑफिसला जाऊन बघा. पावसात जा. वॉचमनला आणि खालच्या किराणा दुकानदाराला विचारा, टँकर दिवसाला किती येतात. मेंटेनन्सच्या बिलात टँकरचा खर्च किती असतो, हे तिथे राहणाऱ्या एखाद्या बाईंना विचारलंत तर खरं उत्तर मिळेल. भाग अगदी नवखा असेल तर अकरा महिने तिथेच भाड्याने राहून मग ठरवा.

बांधकाम चालू असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक टाकून ताब्याची तारीख किती वेळा पुढे गेली आणि तक्रारी किती आहेत ते बघा. करार नोंदवण्याआधी बिल्डर १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. परवडणाऱ्या घरांच्या मर्यादेबाहेरच्या घराला ५ टक्के जीएसटी लागतो. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या किंवा जुन्या घराला तो नाही. ताबा मिळेपर्यंत इथलं भाडं आणि तिथला हप्ता दोन्ही चालू राहतील. तारखेच्या पुढे दोन वर्षं धरून हिशेब मांडा. रेराप्रमाणे बांधकामातल्या दोषाची जबाबदारी ताब्यापासून पाच वर्षं बिल्डरवर असते. जुन्या घराला असं संरक्षण नाही, आणि ही नव्या घराची खरी जमेची बाजू आहे.

९. निवाडा कसा कराल

कागद नापास झाले तर घर कितीही आवडतं असलं तरी सोडा. इथे तडजोड नाही. दोन्ही घरांचे कागद चांगले निघाले तर मग राहण्याचा विचार करा: शाळा, ऑफिस, आईबाबांना चढता येतील असे जिने, पाणी. यात दोन्ही सारखी उतरली तरच कमी किमतीचं निवडा. पैसा शेवटी बघा असं मी बँकेत राहूनही सांगते, कारण शंभर फूट कमी असलेल्या घरात माणसं सुखाने नांदतात, पण वारसांचा दावा लागलेल्या घरात झोप लागत नाही.

मालकांकडून महिनाभराची मुदत लेखी मागून घ्या. पहिल्या आठवड्यात वकिलाकडे कागद द्या, दुसऱ्यात सेक्रेटरींना भेटा, तिसऱ्यात बँकेकडून कर्जाची तत्त्वतः मंजुरी आणि व्हॅल्युएशन घ्या. चौथ्या आठवड्यात दोघं शांत बसून ठरवा. मालक घाई करू लागले तर कागद पुरे झाल्याशिवाय सही करणार नाही, एवढंच सांगा. त्या घाईत हे घर हातचं गेलं तर जाऊ द्या. भाड्याने राहून तुम्हाला घर पारखता येऊ लागलंय, पुढचं घरही तुम्ही नीट पारखाल.

तुमची,
आत्या