वाळूतून उठलेली मोटार

ब्रिटनमधील वेल्स प्रांताच्या दक्षिण किनाऱ्यावर पेंडाइन नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील पुळण सुमारे ११ किलोमीटर लांब आहे. ओहोटी लागली म्हणजे तिची ओली वाळू फरशीसारखी सपाट व टणक होते. म्हणूनच सुमारे शंभर वर्षांपूर्वी वेगाचे विक्रम करू पाहणारे साहसी पुरुष आपल्या मोटारी घेऊन तेथे येत असत.

जे. जी. पॅरी-थॉमस हा वेल्सचा अभियंता त्यांपैकीच एक. काउंट झ्बोरोव्स्की हा शर्यतपटू १९२४ साली मरण पावला, तेव्हा त्याची एक अवाढव्य मोटार थॉमसने अवघ्या १२५ पौंडांना विकत घेतली. तिला पहिल्या महायुद्धातील विमानांसाठी अमेरिकेत बनवलेले 'लिबर्टी' एंजिन बसवलेले होते. त्याच्या बारा सिलिंडरांत मिळून २७ लिटर वायू मावे. आजच्या साध्या मोटारीत तो एक-दीड लिटरच मावतो!

परंतु केवळ आकारावर विसंबून राहणारा थॉमस नव्हता. सिलिंडरात पेट्रोलची वाफ व हवा यांचे मिश्रण पेटते, त्याच्या जोराने दट्टे ढकलले जातात आणि अखेर चाके फिरतात. मिश्रण योग्य प्रमाणात व भरपूर मिळाले आणि दट्टे सुबक असले, तर शक्ती वाढते. हे जाणून त्याने स्वतः आखलेले दट्टे बसवले व मिश्रण करणारे चार कार्ब्युरेटर जोडले. त्या गाडीला त्याने 'बॅब्ज' हे लाडके नाव दिले. २८ एप्रिल १९२६ रोजी बॅब्ज ताशी २७५ किलोमीटर वेगाने धावली. जमिनीवरील वेगाचा तो जागतिक विक्रम ठरला.

पुढील वर्षी फेब्रुवारीत माल्कम कॅम्बेलने तो मोडला. गेलेला मान परत मिळवण्यासाठी ३ मार्च १९२७ रोजी थॉमस पुन्हा पेंडाइनच्या वाळूवर उतरला. भर वेगात गाडी उलटली आणि त्याचा अंत झाला. त्याच्या शोकाकुल सोबत्यांनी ती मोडकी गाडी तेथेच वाळूत पुरली.

बेचाळीस वर्षे लोटली. १९६९ साली बँगोरच्या तंत्रविद्यालयातील ओवेन विन ओवेन या अध्यापकाने रीतसर परवानगी मिळवून ती उकरून काढली. खाऱ्या ओलीने पत्रा कुजला होता, धातू झिजला होता. ओवेनने घाई केली नाही. शाबूत भाग त्याने स्वच्छ करून वापरले. नाहीसे झालेले भाग नव्याने घडवले. सुमारे पंधरा वर्षे हे काम चालले होते. अखेर ते एंजिन पुन्हा गर्जू लागले! आज बॅब्ज संग्रहालयात पाहावयास मिळते.

थॉमसने अधिक शक्ती मिळावी म्हणून यंत्र बदलले. ओवेनने थॉमसच्या बुद्धीचा मान राखण्यासाठी ते होते तसे उभे केले. दोघांची वाट निराळी, पण यंत्राचे मर्म जाणून घेण्याची चिकाटी एकच.

स्वाध्याय

१. थॉमसने एंजिनात कोणते बदल केले व का?
२. थॉमस व ओवेन यांच्या कामांत कोणता फरक होता?
३. तुमच्या घरातील एखादी जुनी वस्तू दुरुस्त कशी झाली, ते दहा ओळींत लिहा.