टीसीएल पावडर व ॲसिड एका फळीवर ठेवू नका

कर्जत म्हटले की मुंबईच्या वाचकांना रायगडमधले फार्महाऊसवाले कर्जत आठवते. आम्ही लिहितो आहोत ते अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जतविषयी. अवर्षणाच्या या तालुक्यात पोहणे म्हणजे बहुधा विहीर किंवा शेततळे. पण शहरी तलावात जी औषधे टाकतात तीच विहीर, पाण्याची टाकी आणि मशिदीचा हौद यांनाही लागतात. म्हणून दुकानदार, प्लंबर, फरशीवाले व टाक्या धुणारे अशा आपल्या अनेक बांधवांचा या मालाशी रोजचा संबंध आहे.

पिंपरी-चिंचवडमधील कासारवाडीच्या पालिका जलतरण तलावावर ९ जानेवारी २०२४ रोजी क्लोरीन वायूची गळती झाली. सकाळी पोहायला आलेले लोक व तिथले कर्मचारी खोकल्याने हैराण झाले आणि वीसच्या आसपास माणसे रुग्णालयात न्यावी लागली. त्याआधी १४ जुलै २०१० रोजी मुंबईत शिवडीच्या हाजी बंदरावर जुन्या सिलिंडरमधून हाच वायू सुटला, तेव्हा शंभराहून अधिक लोकांना त्रास झाला होता.

आपल्याकडे सिलिंडर नाही, मग काळजी कसली, असे कोणी म्हणेल. पण हा वायू तयार व्हायला सिलिंडर लागत नाही. टीसीएल पावडर किंवा लिक्विड क्लोरीनमध्ये फरशीचे ॲसिड पडले की तो जागेवर निघतो. संडास धुताना ॲसिडने डाग गेला नाही म्हणून वरून पावडर टाकणारे कारागीर काही थोडे नाहीत! क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असल्याने खाली साचतो. १९१५ साली बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने तो शत्रूच्या खंदकांवर सोडला, तो याच गुणामुळे. बंद मोरी, टाकीचा तळ आणि दुकानाचे तळघर या जागा त्या खंदकांसारख्याच.

दुकानात पावडर एका बाजूला व ॲसिड दुसऱ्या बाजूला असावे. पावडरच्या वरच्या फळीवर ॲसिडची बाटली तर कधीच नको. रॉकेल, तेल, रंग व थिनरही पावडरपासून लांब ठेवावेत. पावडरला ओल लागू देऊ नये. ओलीने तिची ताकद जाते आणि गिऱ्हाईक फसते. तिचे माप व तराजू किराण्यापासून वेगळे हवेत. तलावासाठी ट्रायक्लोरच्या गोळ्या मिळतात, त्या आणि ही पावडर एका डब्यात आल्यास स्फोट होऊ शकतो. दोन्ही पांढरे, दोन्ही क्लोरीनचेच, म्हणून उरलेला माल एकत्र करण्याचा मोह होतो.

सुट्या ॲसिडबाबत सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये बंधने घातली आहेत. गिऱ्हाइकाचे नाव, पत्ता व कारण रजिस्टरमध्ये लिहावे, ओळखपत्र पाहावे आणि अठरा वर्षांखालच्या मुलास ॲसिड देऊ नये. साठा प्रांताधिकाऱ्यांकडे जाहीर करावा लागतो. कसूर झाल्यास ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. सरबताच्या रिकाम्या बाटलीत ॲसिड भरून देणे तर आमच्या मते गुन्ह्याहून वाईट.

वापरताना प्लास्टिकच्या बादलीत आधी पाणी घ्यावे आणि पावडर त्यात थोडी थोडी सोडावी; पावडरवर पाणी ओतू नये. ढवळून, गाळ खाली बसू देऊन वरचे निवळ पाणी तेवढे वापरावे. पिण्याच्या पाण्यासाठी ३३ टक्के क्लोरीनच्या पावडरचे प्रमाण १००० लिटरला ५ ग्रॅम आहे. पोहण्याच्या तलावात मोकळा क्लोरीन लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम आणि पीएच ७.२ ते ७.८ हवा. औषध टाकल्यावर तपासणी होईपर्यंत कोणाला पाण्यात उतरू देऊ नये. हातमोजे व चष्मा घालावा. तोंडावरचा रुमाल वायू अडवत नाही.

वायू सुटलाच तर वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने व उंचावर जावे. आत कोणी पडला असेल तर साध्या रुमालानिशी त्याच्यामागे उतरू नये. अग्निशमन दलाला व १०८ ला कळवावे. बाहेर आलेल्याचे कपडे काढावेत, डोळे व अंग पंधरा मिनिटे पाण्याने धुवावे. खोकला थांबला म्हणून त्याला घरी पाठवू नये. फुप्फुसांची सूज काही तासांनीही येऊ शकते. रुग्णालयात जाताना डब्यावरचे लेबल सोबत न्यावे.