एकच बाप्तिस्मा
(अभ्यासासाठीं शास्त्रभाग : योहान १७:२०–२३, इफिसकरांस पत्र ४:१–६)

ता. २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपूर येथें सहा मंडळ्या एक होऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ ही मंडळी स्थापन झाली. त्या कामीं बाप्तिस्म्याचा प्रश्न मोठा बिकट होता. अंग्लिकन व प्रेस्बिटेरियन लोक विश्वासणाऱ्यांच्या बालकांस बाप्तिस्मा देत. बॅप्टिस्ट लोक स्वमुखानें विश्वास कबूल करणाऱ्यासच देत. पुष्कळ वर्षें विचारविनिमय झाला. शेवटीं कोणासहि आपली समजूत सोडावयास न लावितां दोन्ही रीती मान्य करण्यांत आल्या. बालपणीं बाप्तिस्मा पावलेल्यानें वयांत आल्यावर मंडळीसमोर आपला विश्वास कबूल करावा, एवढें मात्र ठरलें.

प्रिय बंधूंनो, पौल ‘एकच बाप्तिस्मा’ म्हणतो तेव्हां तो पाण्याचें माप सांगत नाहीं, घेणाऱ्याचें वयहि सांगत नाहीं. तो प्रभूचें नांव सांगतो. म्हणून दुसऱ्या पंथाच्या गांवाहून सून आली, तर तिनें पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा असा हट्ट उपदेशकांनीं धरूं नये. असा हट्ट धरल्यानें घरें फुटतात. तिच्या पाळकाचें पत्र मागवावें व तिला प्रभुभोजनास आपल्याबरोबर बसवावें. मेथडिस्टांची एक मोठी शाखा १९७० सालीं ऐन वेळीं या ऐक्यांतून बाहेर राहिली. सून तिकडची असली तरी हीच रीत.