ध्रुव इंटरॅक्टिव्ह : सेवा निर्यात आणि मालकी हक्काचा प्रश्न

भारतीय सॉफ्टवेअर उद्योगाचा अभ्यास करताना मोठ्या सेवा कंपन्यांचाच प्रामुख्याने विचार होतो. व्हिडिओ गेमनिर्मितीचे क्षेत्र त्या मानाने दुर्लक्षित राहिले. ‘मूल्यसाखळी’ ही संकल्पना समजून घेण्यासाठी मात्र बंगळूरच्या ध्रुव इंटरॅक्टिव्ह या कंपनीचा इतिहास विशेष उपयुक्त आहे.

राजेश राव यांनी १९९७ मध्ये ही कंपनी स्थापन केली. त्या वेळी देशात संगणक मोजक्या घरांत होते आणि नकली प्रतींचा सुळसुळाट होता. मोठा गेम तयार होण्यास काही वर्षे लागतात. तोवर वेतन देत राहावे लागते. उत्पन्न मात्र विक्रीनंतरच सुरू होते. बँक कर्जासाठी तारण मागते, आणि गेमची कल्पना तारण ठरत नाही. साहजिकच कंपनी परदेशी कामांकडे वळली. फ्रान्सच्या इन्फोग्राम्सकडून ‘मिशन : इम्पॉसिबल’च्या संगणकीय आवृत्तीचे काम मिळाले. पुढे मायक्रोसॉफ्टच्या ‘फोर्झा’ या मोटार शर्यतींच्या मालिकेसाठी कलाकाम केले. मोबाइल गेमसाठी चार्ली चॅप्लिन यांच्या प्रतिमेचे हक्कही कंपनीने घेतले होते. तथापि तिची ओळख राहिली ती इतरांच्या गेमसाठी काम करणारी संस्था म्हणूनच.

या व्यवस्थेत प्रकाशक ठरलेले शुल्क देतो. गेम, पात्रे व नाव यांवरील बौद्धिक संपदा हक्क त्याच्याकडेच राहतात. गेम गाजला तरी कंत्राटी संस्थेचे शुल्क सहसा वाढत नाही. अर्थात तो पडल्यास तोटाही प्रकाशकच सोसतो, ही बाब विद्यार्थ्यांनी विसरू नये. स्थिर उत्पन्नाची किंमत म्हणून मोठ्या नफ्यावर पाणी सोडावे लागते.

स्वीडनच्या स्टारब्रीझने डिसेंबर २०१६ मध्ये ध्रुवमधील ९०.५ टक्के हिस्सा सुमारे ८५ लाख डॉलरना घेण्याचा करार केला. कंपनीत तेव्हा ३०० हून अधिक कर्मचारी होते. नोव्हेंबर २०१८ मध्ये आलेला स्टारब्रीझचा ‘ओव्हरकिल्स द वॉकिंग डेड’ हा गेम बाजारात अपयशी ठरला आणि पुढच्याच महिन्यात तिला न्यायालयाकडे पुनर्रचनेसाठी अर्ज करावा लागला. रोख रक्कम उभी करण्यासाठी तिने मे २०१९ मध्ये ध्रुवमधील ९१.८२ टक्के हिस्सा रॉकस्टार गेम्सला ७९ लाख डॉलरना विकला. प्रकाशकाची जोखीम कंत्राटदाराला शिवत नाही, हे वर सांगितलेले सूत्र येथे उलटे फिरले : प्रकाशकच मालक झाल्यावर त्याचे अपयश बंगळूरपर्यंत पोहोचले.

रॉकस्टारच्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ने २०१३ मध्ये पहिल्या तीन दिवसांत १०० कोटी डॉलरची विक्री केली होती. एक आकडा विक्रीचा, दुसरा समभागांच्या किमतीचा. त्यामुळे ही तुलना काटेकोर नव्हे. तरीही हक्क बाळगणारा आणि श्रम पुरवणारा यांच्यातील अंतर तीतून दिसते. ध्रुव पुढे रॉकस्टारच्या बंगळूर येथील शाखेत विलीन झाली.

धोरणाच्या पातळीवर २०२२-२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग व कॉमिक्स क्षेत्रासाठी कृती दल घोषित झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने मुंबईत या क्षेत्राचे राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्र उभारण्यास मान्यता दिली. प्रशिक्षणाची गरज त्यातून भागेल. ध्रुवकडे मात्र कौशल्याची वाण नव्हती. अनेक वर्षे परताव्याची वाट पाहणाऱ्या भांडवलाची होती, आणि असे भांडवल प्रशिक्षण संस्थेतून निर्माण होत नाही.