छातीतली गाठ : आधी तपासणी, मग उपचार

वर्षावासात विहारातलं ग्रंथवाचन संपलं, बाया पांगल्या, की एखादी आई मागे थांबते आणि हळूच विचारते, "पोरीच्या छातीत गाठ लागते. लग्न ठरायचंय, कोणाला सांगू?" म्हणून आम्ही इथेच उघड लिहितो.

तरुण मुलींच्या स्तनात होणारी गाठ बहुतेक वेळा साधी असते. 15 ते 35 या वयात सर्वांत जास्त आढळते ती फायब्रोअ‍ॅडिनोमा. बोटाखाली गुळगुळीत लागते, दाबली की सरकते. हा कॅन्सर नव्हे. पण ते शेजारणीने ठरवायचं नाही, लेप लावणाऱ्यानेही नाही. ऐकीव गोष्ट मानू नका, पारखून घ्या, असं तथागतांनी कालामांना सांगितलं होतं. इथे पारखणं म्हणजे डॉक्टरांनी हाताने तपासणं, सोनोग्राफी, चाळिशीपुढे मॅमोग्राफी आणि लागलीच तर सुईने तुकडा काढून तपासणी.

रिपोर्ट साधा आणि गाठ लहान असेल, तर पुष्कळदा काहीच करावं लागत नाही. काही महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करून बघतात.

गाठ वाढत असेल, दुखत असेल, तर काढता येते. त्यासाठी दरवेळी मोठी चीर लागत नाही. व्हॅक्यूम पद्धतीत जागा बधिर करतात, सोनोग्राफीत बघत काही मिलिमीटरच्या छेदातून जाड सुई आत नेतात आणि गाठ तुकड्या-तुकड्याने ओढून घेतात. तुकडे तपासायला जातात, बाई बहुधा त्याच दिवशी घरी येते. थोडे दिवस काळंनिळं राहतं. धुणीभांडी, ओझं तेवढे दिवस दुसऱ्याने करावं. क्रायो पद्धतीत सुईने गाठ गोठवतात, मग ती काही महिन्यांत आकसत जाते. त्यात तुकडा हाती येत नाही, म्हणून सुईची तपासणी आधीच झालेली हवी.

गाठ फार मोठी, झपाट्याने वाढणारी किंवा शंकेची असेल तर ऑपरेशनच बरं. सुईच्या या सोयी सगळीकडे नाहीत. कुठे आहेत, खर्च किती, हे डॉक्टरांना विचारायला लाजू नका. महात्मा फुले योजनेत काय बसतं, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

गाठ कडक असेल, सरकत नसेल, कातडी आत ओढली गेली असेल, बोंडातून रक्त येत असेल किंवा काखेतही गाठ लागत असेल, तर लग्नाची तारीख बघत बसू नका, त्याच आठवड्यात दवाखाना गाठा. एकटीला भीती वाटत असेल तर रविवारी वंदनेनंतर आम्हाला सांगा, आम्ही सोबत येऊ.