व्हिसा एका देशाचा, कर दुसऱ्याचा

मुक्कामाची परवानगी देणारा कायदा, मिळकतीवर कर आकारणारा कायदा आणि परकीय चलनाच्या व्यवहारांवर नियंत्रण ठेवणारा कायदा हे तिन्ही एकाच माणसाकडे तीन वेगळ्या नजरांनी पाहतात, आणि परदेशात राहून संगणकावरून दूरस्थ काम करणाऱ्यांच्या बहुतेक अडचणी या तिन्हींना एकच समजण्यातून उद्भवतात. 1 जुलै 1998 रोजी अकोल्यापासून वेगळ्या झालेल्या वाशीम जिल्ह्यात संगणक क्षेत्रातील नोकऱ्या मुळातच थोड्या असल्यामुळे येथील अभियंते पुण्याकडे जात राहिले; 2020 च्या टाळेबंदीने त्यांतील अनेकांना लॅपटॉपसह रिसोड, कारंजा, मंगरूळपीर येथील घरी आणून बसवले, आणि जे काम रिसोडहून होते ते बँकॉकहून का होऊ नये, हा प्रश्न त्यानंतरच अनेकांच्या मनात आला. प्रश्न रास्त आहे, मात्र अशा मंडळींची कागदपत्रे पाहताना प्रस्तुत लेखकाला जे वारंवार आढळले ते असे, की व्हिसाची चौकशी महिनोन्‌महिने केली जाते आणि कराची चौकशी परत आल्यावर, बहुधा आयकर खात्याची नोटीस हाती पडल्यावर होते.

पर्यटक व्हिसा हा काम करण्याचा परवाना नव्हे. लॅपटॉप उघडून पुण्यातील कंपनीचे काम करणाऱ्याला विमानतळावर कोणी अडवत नाही, म्हणून ते काम नियमात बसते असे ठरत नाही. ही पोकळी भरण्यासाठी अनेक देशांनी ज्याला डिजिटल नोमॅड व्हिसा म्हणतात तो सुरू केला. त्याचे सूत्र असे, की धारकाने त्या देशात राहावे, परंतु त्याचे उत्पन्न बाहेरच्या मालकाकडून किंवा ग्राहकाकडून यावे. एस्टोनियाने 2020 मध्ये हा मार्ग खुला केला आणि मलेशियाचा 'डीई रांताऊ' परवाना 2022 मध्ये आला, ज्यात संगणक क्षेत्रातील अर्जदारासाठी वर्षाला 24,000 डॉलर उत्पन्नाची अट घातली गेली. थायलंडने 2024 मध्ये सुरू केलेला 'डीटीव्ही' व्हिसा पाच वर्षांचा असून त्यासाठी पाच लाख बाट शिल्लक दाखवावी लागते, तर जपानने त्याच वर्षी आणलेला सहा महिन्यांचा व्हिसा मुळात कर-करार आणि व्हिसामुक्त प्रवेश या दोन्ही अटींत बसणाऱ्या देशांच्या नागरिकांपुरता असल्याने भारतीयांच्या उपयोगाचा नाही. या रकमा व अटी बदलत असतात, त्यामुळे अर्जाच्या दिवशी संबंधित दूतावासाच्या संकेतस्थळावर जे लिहिलेले असेल तेच प्रमाण मानावे. एजंटाच्या छापील पत्रकाला तो मान देऊ नये.

एजंटाचा विषय निघालाच आहे तर हेही नोंदवले पाहिजे, की 'थायलंडमध्ये डिजिटल मार्केटिंगची नोकरी' असे आमिष दाखवून तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारमधील सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर नेले जात असल्याचा इशारा परराष्ट्र मंत्रालयाने 2022 मध्येच दिला होता. ज्या कामासाठी मालक पर्यटक म्हणून यायला सांगतो आणि तिकीटही स्वतःच काढून देतो, ते दूरस्थ काम नसते.

आता कराकडे वळता येईल. भारतात कर नागरिकत्वावर नव्हे, तर प्रामुख्याने निवासावर ठरतो, आणि निवास म्हणजे 1 एप्रिल ते 31 मार्च या वर्षात भारतात काढलेले दिवस. 182 किंवा त्याहून अधिक दिवस देशात असलेली व्यक्ती निवासी ठरते व तिच्या जगभरातील उत्पन्नावर येथे कर लागतो. एरवी, मागील चार वर्षांत मिळून 365 दिवस भारतात राहिलेल्या माणसाला चालू वर्षातील 60 दिवसही निवासी ठरवण्यास पुरतात, मात्र जो भारतीय नागरिक नोकरीसाठी देश सोडतो त्याच्याबाबत या 60 ऐवजी 182 दिवस धरले जातात. ही नोकरी म्हणजे केवळ पगारी चाकरी नसून त्यात स्वतंत्र व्यवसायही येतो, असा अर्थ केरळ उच्च न्यायालयाने लावला आहे. 1961 च्या आयकर कायद्याची जागा 1 एप्रिल 2026 पासून 2025 च्या कायद्याने घेतली, तरी दिवस मोजण्याची ही चौकट कायम राहिली आहे.

वऱ्हाडातल्या घरांना ही मोजणी सणांच्या हिशेबाने सहज कळेल. 1 एप्रिलपासून धरले तर 28 सप्टेंबरला 181 दिवस भरतात. पोळा करून कामासाठी बाहेर पडलेला आणि त्या वर्षी न परतलेला माणूस म्हणून अनिवासी ठरू शकतो, तर आईच्या आग्रहाखातर दिवाळी करून निघालेला त्याचा मित्र पूर्ण वर्षासाठी निवासी राहतो, आणि नोव्हेंबर ते मार्च या काळात परदेशी मिळालेला पैसाही त्याच्या येथील विवरणपत्रात येतो, कारण आपल्या कायद्यात वर्षाचे दोन तुकडे करण्याची सोय नाही. शिवाय सर्वसाधारण निवासी व्यक्तीला परदेशी बँक खाते विवरणपत्राच्या स्वतंत्र परिशिष्टात दाखवावे लागते. ते न दाखवल्यास 2015 च्या काळा पैसा कायद्याखाली दहा लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. स्थावर सोडून इतर मालमत्ता एकूण वीस लाखांपर्यंत असल्यास ऑक्टोबर 2024 पासून या दंडातून सूट मिळाली आहे, पण दाखवण्याची जबाबदारी तिने सुटत नाही. आईचा आग्रह मोडावा असे येथे सुचवायचे नाही. तारीख ठरवताना तिचा करावर होणारा परिणाम माहीत असावा, एवढेच.

अनिवासी ठरल्यावर सर्व संपले, ही समजूत त्याहून महाग पडते. अनिवासी व्यक्तीला तीन प्रकारच्या उत्पन्नावर भारतात कर लागतो: जे भारतात उद्भवते, जे भारतात उद्भवले असे कायदा मानतो, आणि जे भारतात प्रथम प्राप्त होते. यातला तिसरा प्रकार बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पुण्यातील कंपनीसाठी क्वालालंपूरहून केलेल्या कामाचे वेतन काम जेथे झाले तेथे, म्हणजे मलेशियात, उद्भवते. परंतु ते वाशीमच्या शाखेतील जुन्या पगार खात्यात थेट जमा होत असेल तर त्याची पहिली प्राप्ती भारतात झाली असे धरून त्यावर कर आकारला जातो, आणि कंपनीही नेहमीप्रमाणे टीडीएस कापून त्याचे प्रमाणपत्र देते. तोच पैसा आधी परदेशी खात्यात मिळाला व नंतर घरी पाठवला, तर ते पाठवणे ही पहिली प्राप्ती ठरत नाही. अर्थात भारतीय कंपनी बाहेरच्या खात्यात पगार देण्यास तयार होईलच असे नाही, आणि तशी होत नसेल तर भारत व तो देश यांच्यातील दुहेरी करआकारणी टाळण्याच्या कराराचा आधार शोधावा लागतो, ज्यासाठी त्या देशाने दिलेला कर-निवासाचा दाखला हाती असणे आवश्यक असते. पुष्कळ देशांचे करवर्ष जानेवारी ते डिसेंबर असते, त्यामुळे आपल्या एका वर्षासाठी दोन दाखले लागतात. मार्चअखेरीस धावपळ सुरू होते ती यामुळेच.

परदेशाचा करही गृहीत धरू नये. थायलंडमध्ये कॅलेंडर वर्षात 180 दिवस राहणारा तेथील कर-निवासी होतो, आणि 1 जानेवारी 2024 पासूनचे जे परदेशी उत्पन्न तो त्या देशात आणेल त्यावर कर लावण्याची भूमिका तेथील कर खात्याने घेतली आहे. दुबईत वैयक्तिक आयकर नाही हे खरे. पण 2020 पासून आपल्या कायद्यात मानीव निवासाची तरतूद आहे, म्हणजे परदेशी स्रोतांखेरीजचे ज्याचे उत्पन्न पंधरा लाखांहून अधिक आहे आणि ज्याला दुसऱ्या कोणत्याही देशात कर लागू नाही, अशा भारतीय नागरिकाला भारताचा निवासी मानले जाते. असा निवासी 'असाधारण' वर्गात मोडत असल्याने त्याच्या सर्वच परदेशी मिळकतीवर येथे कर लागत नाही, परंतु भारतातून नियंत्रित होणाऱ्या धंद्याचे किंवा भारतात उभारलेल्या व्यवसायाचे उत्पन्न मात्र सुटत नाही. कारंजात बसून ग्राहक जोडलेल्या आणि मग दुबईला गेलेल्या फ्रीलान्सरने हे वाक्य दोनदा वाचावे.

परकीय चलन कायदा, अर्थात 1999 चा फेमा, दिवसांइतकेच हेतूकडे पाहतो. नोकरी-व्यवसायासाठी किंवा अनिश्चित काळासाठी देश सोडणारा माणूस फेमाच्या दृष्टीने निघाल्यापासूनच अनिवासी होतो, मग आयकराच्या हिशेबाने तो त्या वर्षी निवासी का असेना. बँकेला तसे कळवून साधे बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासी व्यक्तीचे भारतातील उत्पन्न ठेवण्याचे खाते, म्हणून बदलून घ्यावे लागते. परदेशातील कमाई ठेवण्यासाठी एनआरई खाते वेगळे असते, आणि गावातील पतसंस्थेत यांपैकी काहीच होत नाही. जिल्ह्यातल्या शेतकरी घरांत विचारला जाणारा पहिला प्रश्न जमिनीचा असतो. निवासी असताना घेतलेली किंवा वारसाने आलेली शेती अनिवासी भारतीय ठेवू शकतो, सातबाऱ्यावरचे नाव त्यामुळे जात नाही. पण नवी शेतजमीन विकत घेणे त्याला मना आहे, आणि परदेशातून पैसे पाठवून शेजारचे वावर घेण्याचा बेत येथे अडतो.

मालकाची लेखी परवानगी ही औपचारिकता समजू नये. कर्मचारी दुसऱ्या देशात बसून कंपनीचे काम चालवू लागला, तर त्या देशाच्या लेखी कंपनीचे तेथे स्थायी आस्थापन, म्हणजे कर आकारण्याजोगे कायमचे ठाणे, निर्माण झाले असा दावा होऊ शकतो. म्हणूनच अनेक कंपन्या न सांगता देश बदलणाऱ्याला कामावरून कमी करतात. पासपोर्टवरील शिक्के, बोर्डिंग पास, परवानगीचे पत्र आणि तेथील घरभाड्याचा करार जपून ठेवावेत, कारण दिवसांचा वाद निघाल्यास पुरावा देण्याचे ओझे करदात्यावर येते.

जे आधीच जाऊन आले आहेत आणि ज्यांनी उत्पन्न कमी दाखवले आहे, त्यांना संबंधित आकारणी वर्ष संपल्यापासून चार वर्षांपर्यंत अद्ययावत विवरणपत्र भरता येते. त्यासाठी मोजावा लागणारा जादा कर पहिल्या वर्षी 25 टक्के आणि चौथ्या वर्षी 70 टक्के असतो, तेव्हा सीएकडे जायचे असेल तर ते याच वर्षी जावे.